समक्ष पाहिले

बँकेतल्या माणसाला आयुष्यात दोनच कामं नीट येतात, असं आमच्या सौभाग्यवतींचं मत आहे. एक, दुसऱ्याचे पैसे मोजणं. आणि दोन, स्वतःची सही करणं. त्यातलं पहिलं काम मशीनकडे गेलं त्याला बरीच वर्षं झाली. उरली ती सही. मी कॉमर्सचा पदवीधर असल्यामुळे एका रविवारी, जेवण अंगावर आलेलं असताना, हिशेब मांडला. दिवसाच्या साठ सह्या, वर्षाचे कामाचे दिवस अडीचशे, नोकरी वीस वर्षांची. म्हणजे 3 लाख सह्या झाल्या. एवढ्या शाईत एखाद्यानं सबंध महाभारत उतरवून काढलं असतं. मी नुसतं स्वतःचं नाव लिहीत बसलो, आणि तेही कुणाला वाचता येत नाही.

या 3 लाखांपैकी मला आठवते ती एकच. तिच्याकडे येतोच. पण आधी भाच्याकडे वळलं पाहिजे, कारण गाडलेली ती सही त्यानं उकरून काढली.

भाचा पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. घरी बसून काम केलेलं त्याच्या कंपनीला चालतं, आणि 'घर' या शब्दात मामाचंही घर येतं असा त्यानं सोयीस्कर अर्थ लावला आहे. दिवाळीला आला तो तुळशीचं लग्न लागलं तरी हलला नाही. बहिणीचा मुलगा, बोलायची सोय नाही. शिवाय केळझर त्याला मनापासून आवडतं. टेकडीवर सिद्धिविनायक, विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी एक. शिवाय आमचं गाव म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी. भीमानं बकासुराला मारलं ते इथंच. गावातला कोणीही तुम्हांला हे सांगेल. सांगणाऱ्यानं ती मारामारी पाहिलेली नसते. पण सांगताना तो मध्येच एक पाऊल मागं सरतो, ते अंगावर रक्त उडू नये म्हणून.

तर हा पोरगा रात्री जेवणं झाली की ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसायचा. मला वाटे, कंपनीचं काम. एकदा पाण्याचा तांब्या ठेवायला गेलो तर पडद्यावर आमच्याच भागातलं चित्र! उंचावरून काढलेलं. शेतं, नाले, आणि मधून गेलेली नागपूर-वर्धा रेल्वे. आमच्या गावाला रेल्वे नाही. ती सिंदी, तुळजापूर, सेलू रोड अशी खालच्या अंगानं जाते. 1867 साली ही लाइन नागपूरला पोचली, तेव्हापासून केळझरकर गाडी पकडायला आधी दुसऱ्या गावाला जातात.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"फाटकं लावतोय, मामा."

बँकेत एक माणूस असा होता, जो रात्री फाटकं लावत असे. त्याला पुढे नागपूरला दाखवावं लागलं. म्हणून मी जवळ बसलो.

त्यानं सांगितलं ते असं. ओपनस्ट्रीटमॅप नावाचा एक नकाशा आहे. 2004 साली इंग्लंडात स्टीव्ह कोस्ट नावाच्या तरुणानं तो सुरू केला, कारण तिथले सरकारी नकाशे फुकट वापरता येत नव्हते. हा नकाशा सार्वजनिक विहिरीसारखा आहे. कुणीही पाणी भरावं, कुणीही गाळ काढावा. आपल्याकडे पाणी भरायला सगळं गाव येतं आणि गाळ काढायच्या दिवशी सगळ्यांच्या घरी पाहुणे येतात. पण इथं जगभरातले लोक आपणहून गाळ काढत बसलेले असतात. काही जण रस्ते काढतात, काही घरं, आणि काही जण नुसती रेल्वेची फाटकं. रूळ म्हणजे एक रेघ, रस्ता म्हणजे दुसरी. दोन्ही रेघा एकमेकींना छेदतात तिथं दोघींचं मिळून एक टिंब द्यायचं. ते टिंब राहिलं तर रुळांची आणि रस्त्याची गाठ पडते हे कॉम्प्युटरला कळतच नाही. मग टिंबाबद्दल माहिती भरायची. इथून मोटारी जातात की नुसती माणसं? आडवा दांडा आहे का? पूर्ण रस्ता अडवणारा की अर्धा?

"याचे पैसे किती मिळतात?"

"काहीच नाही."

ज्या कामाला पैसे मिळत नाहीत त्याला आमच्या भाषेत व्यवहार म्हणत नाहीत, वर्गणी म्हणतात. पण म्हटलं, असतात एकेकाचे छंद. मी पाहत बसलो. तो भराभर टिंबं देत होता, पण दांड्याचा रकाना प्रत्येक वेळी कोरा सोडून पुढं जात होता. माझ्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. कोरा रकाना म्हणजे ऑडिटरला लग्नाचं आमंत्रण!

"अरे, हे भरलं नाहीस."

"वरून दांडा दिसत नाही, मामा. माहीत नाही ते लिहायचं नाही."

"माहीत कसं नाही? 31 जानेवारी 2019 पर्यंत ब्रॉडगेजवरची बिनमाणसांची सगळी फाटकं बंद झाली. म्हणजे आता प्रत्येक फाटकावर माणूस असणारच. माणूस आहे म्हणजे दांडा असणारच. लिहून टाक."

"असणारच आणि आहे, यात फरक आहे ना?" तो सहज म्हणाला आणि पुढच्या टिंबाकडे गेला.

मी तांब्या तिथंच विसरून आत येऊन पडलो, आणि बराच वेळ आढ्याकडे पाहत राहिलो.

साल 2011. मार्च महिना. मार्चमध्ये बँकेतला माणूस हा माणसात नसतो हे आपण जाणताच. शाखेचे शेतीखातं पाहणारे साहेब रजेवर गेले होते आणि दुधाळ जनावरांच्या कर्जाच्या पाहण्या राहिल्या होत्या. कुणाला तरी पाठवायचं म्हणून मला पाठवलं. माझा आणि म्हशीचा संबंध चहापुरता. पण फॉर्म सोपा होता. कर्जदाराचं नाव, जनावराचा बिल्ला नंबर, आणि रकाना सातवा: 'जनावर समक्ष पाहिले काय? प्रकृती कशी आहे?'

सहा म्हशी मी खरोखर पाहिल्या. त्यांनीही मला पाहिलं. सातव्या घरी पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि ऊन असं, की सावलीसुद्धा सावली शोधत होती. घरात एक म्हातारी. कानानं कमी. "म्हैस कुठं आहे, आजी?" असं मी तीनदा ओरडून विचारलं. तिनं धुऱ्याकडे हात केला. मी समजलो, चरायला गेली आहे. आजीनं पाणी दिलं, गुळाचा खडा दिला. मी खाटेवर टेकून फॉर्म काढला आणि लिहिलं: 'समक्ष पाहिले. प्रकृती उत्तम.' खाली सही, तारीख 16.

ती म्हैस 12 तारखेला मेली होती. आजीनं हात केला होता तो तिला पुरलं होतं त्या जागेकडे.

आता पुढचं वाचकांच्या ध्यानात आलंच असेल. म्हशीचा विमा होता. ढोरांच्या डॉक्टरचा दाखला 12 तारखेचा, आणि बँकेच्या जबाबदार माणसाचा अहवाल 16 तारखेचा, की प्रकृती उत्तम. मेल्यावर चार दिवसांनी जिची प्रकृती सुधारते अशा म्हशीचे पैसे कोण देणार? दावा नामंजूर झाला. तो शेतकरी कागद घेऊन माझ्याच टेबलाशी आला, कारण मी सभ्य दिसतो. "साहेब, हे काय लिहिलं आहे वाचून सांगा," म्हणाला. मी वाचून सांगितलं. फक्त सही कुणाची ते सांगितलं नाही. त्या वर्षी माझी बढतीची परीक्षा होती.

पत्र लिहून चूक कबूल करायला मला दहा आठवडे लागले. तोवर त्यांची फाइल बंद झाली होती. उरलेलं कर्ज फेडायला त्यानं वगार विकली. मी काही पैसे घेऊन त्याच्या घरी गेलो तर त्यानं खाट टाकली, चहा केला आणि पैसे परत माझ्या खिशात ठेवले. "राहू द्या जी, तुमी बी नोकरदार माणूस." बढतीच्या परीक्षेत मी नापास झालो, हे जाता जाता सांगतो. धर्मराजानं अश्वत्थामा नावाच्या हत्तीचं निमित्त करून अर्धं खरं सांगितलं, तेव्हा जमिनीवरून चार बोटं अधांतरी चालणारा त्याचा रथ खाली टेकला म्हणतात. माझी स्कूटर आधीपासून जमिनीवरच चालत होती, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी रात्री मी भाच्याशी जरा वादच घातला. स्वतःचा बचाव करायचा असला की माणसाला तत्त्वज्ञान सुचतं. म्हटलं, सगळंच समक्ष पाहायचं म्हटलं तर जग चालेल का? पृथ्वी गोल आहे हे मी पाहिलेलं नाही. रामेश्वर पाहिलेलं नाही, तरी ते आहे असं धरून आई तिथं जायचे पैसे साठवत होती. ऑडिटर दहा व्हाउचरं तपासतो आणि दहा हजारांखाली सही करतो. आणि तू तरी काय करतोस? पुण्याच्या खुर्चीत बसून वर्ध्याची फाटकं लावतोस!

"खरं आहे," तो म्हणाला. "आम्हीच त्याला आरामखुर्चीतलं काम म्हणतो. पण 2010 साली हैतीत भूकंप झाला, तेव्हा जगभरच्या लोकांनी असंच घरी बसून, वरून काढलेल्या फोटोंवरून थोड्या दिवसांत तिथल्या राजधानीचा नकाशा काढला. मदतीला गेलेल्यांनी तोच वापरला. तेव्हा खुर्चीत बसण्यात काही वाईट नाही. फक्त इथं एक जागा असते." त्यानं पडद्याचा तळ दाखवला. 'ही माहिती कुठून मिळाली?' अशी ती जागा. वरून काढलेल्या फोटोवरून, असं लिहिता येतं. त्या भागाची माहिती आहे म्हणून, असंही लिहिता येतं. आणि प्रत्यक्ष जाऊन पाहिलं असेल तर तसं. पुढं कुणी काय बदललं, केव्हा बदललं, हे नावानिशी कायम राहतं.

मी त्या जागेकडे पाहत राहिलो. आमच्या फॉर्मवर एवढीच एक ओळ असती, तर मी खुशाल लिहिलं असतं: 'आजीच्या हातवाऱ्यावरून.'

पण हार मानणं हे मामाच्या पदाला शोभत नाही. मी म्हटलं, "बरं, तू दांड्याचा रकाना कोरा सोडतोस. उद्या वाचणाऱ्याला काय कळणार? दांडा नाही, की तुला माहीत नाही? तुझं गप्प बसणं आणि 'नाही' म्हणणं त्याला सारखंच!"

यावर तो डोकं खाजवू लागला. "हा घोटाळा आहे खरा," म्हणाला. त्याच्या पिढीतला मुलगा एवढं कबूल करतो हेच मला फार वाटलं. मग थोड्या वेळानं म्हणाला, "मामा, स्कूटरमध्ये पेट्रोल आहे?"

रविवारी आम्ही निघालो. सौ.ने डबा दिला आणि 'फाटकं पाहायला चालले' असं शेजारी सांगून टाकलं. आमच्या जिल्ह्याला नकाशासाठी वणवण करणं नवं नाही म्हणा. विल्यम लॅम्बटन नावाचा इंग्रज 1802 साली मद्रासेहून साखळीनं जमीन मोजत निघाला, तो वीस वर्षं मोजतच राहिला, आणि 1823 च्या जानेवारीत आमच्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथंच आहे. त्याचं कोन मोजायचं अवजड यंत्र एकदा तंजावरच्या देवळावर चढवताना आपटून वाकलं, तर यानं तंबूत बसून ते हातानं ठोकून सरळ केलं. अंदाजे आकडे लिहून मोकळं व्हायचं त्याला सुचलं नाही. तसं सुचलं असतं तर तो कदाचित म्हातारपणी विलायतेत वारला असता.

पहिल्याच फाटकावर भाच्यानं फोटो काढला आणि गेटमन बाहेर आला.

"काय पाहून राहिले जी? फोटू कायले काढता?"

मी पुढं होऊन बँकेचं ओळखपत्र दाखवलं. त्यानं तो जास्तच बिचकला. त्याला वाटलं, हप्ता मागायला आलो. नकाशाचं सांगितलं तेव्हा कुठं जिवात जीव आला आणि त्यानं चहा टाकला. माणूस मोठा बोलका. रुळाच्या कडेला 'सी/फा' लिहिलेली पाटी असते, तिचा अर्थ 'सीटी, फाटक', हे मला त्यानं सांगितलं. ती पाटी दिसली की ड्रायव्हरनं शिट्टी वाजवायची. फाटकाचं महत्त्व ठरवायला गाड्या आणि वाहनं मोजून गुणाकार करतात, त्यात बैलगाडीला एक आकडा आणि सायकलरिक्षाला अर्धा, हेही सांगितलं. अर्धी रिक्षा ऐकून मला आमच्या व्याजाच्या कोष्टकांची आठवण झाली.

"आणि गाडी यायची असली की?"

"स्टेशनातून फोन येते. मी गेट लावतो, कुलूप घालतो, हात लावून पाह्यतो. मंग मास्तरले नंबर सांगतो. प्रायव्हेट नंबर. तो त्यायच्या बुकात, त्यायचा माह्या बुकात. तवा गाडी सुटते."

मला राहवलं नाही. म्हटलं, "समजा, फाटक लावायच्या आधीच नंबर सांगून टाकला? लावायचंच तर आहे. दोन मिनिटांनी लावलं."

तो कपात चहा ओतत होता. हात थांबला.

"कायले?" त्यानं विचारलं.

त्याला खरोखरच प्रश्न कळला नव्हता. मी 3 लाख सह्या केल्या, त्यात 'कायले' असं मला कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं. मी चहा प्यायलो.

दुपारपर्यंत चार फाटकं झाली. भाचा दांड्याला हात लावून रकाना भरत होता. पाचव्या फाटकाकडे निघालो तर वाटेत एक वऱ्हाडाची बस उभी. नवरदेव बाशिंग सांभाळत खाली उतरलेला, बँडवाले कपाशीच्या शेतात पांगलेले, आणि ड्रायव्हर फोनला शिव्या देत असलेला. "बाई म्हणते सरळ जा. कोठून जाऊ सरळ?" पुढं रस्ता रुळांपाशी संपत होता. फाटक कायमचं बंद झालेलं, रुळाचे तुकडे उभे गाडून वाट अडवलेली, आणि खालून जायचा नवा बोगदा किलोमीटरभर मागं सुटलेला. लाइनीपलीकडे मांडव दिसत होता. लाउडस्पीकरवरून 'नवरदेवाची गाडी कुठवर आली' अशी विचारणा आम्हांलाच ऐकू येत होती.

मुहूर्त टळतो म्हणून बायकांनी पायीच निघायचं ठरवलं. दोघी-तिघी त्या खांबांमधून आत शिरल्या, एकीच्या कडेवर मूल. फाटकच नाही तर 'सी/फा'ची पाटी कुठली? मला एकदम कन्हान आठवलं. 3 फेब्रुवारी 2005. तिथंही वऱ्हाडच होतं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. फाटकावर माणूस नव्हता, आणि रामटेकच्या गाडीखाली पन्नासाहून जास्त माणसं गेली. मी ओरडलो. म्हशीसाठी तीनदा ओरडलो होतो त्याहून किती तरी मोठ्यानं ओरडलो. बायका थबकल्या, रागानं वळून माझ्याकडे पाहू लागल्या, आणि वळणावरून गाडी आली. त्यांचे पदर तिच्या वाऱ्यानं उडाले. मूल तेवढं हसलं.

बस कशीबशी वळवून आम्ही बोगद्याकडे लावून दिली. भाचा मात्र बांधावर बसून राहिला होता. ड्रायव्हरच्या फोनमधला नकाशा दुसराच होता, पण यानं आपला उघडून पाहिला. तीन आठवड्यांपूर्वी, माझ्या ओसरीवर बसून, याच जागी यानं चालू फाटकाचं टिंब दिलं होतं. फोटो जुना होता. खाली 'वरून काढलेल्या फोटोवरून' असं लिहिलं होतं, नाव त्याचंच.

"तू तर खरंच लिहिलं होतंस," मी म्हटलं.

"ड्रायव्हर तो रकाना कुठं वाचतो, मामा?" तो म्हणाला.

याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं, आजही नाही. त्यानं तिथंच बसून टिंब काढलं, रस्ता तोडला, बोगदा जोडला. दहा मिनिटं लागली असतील. मी त्या दहा मिनिटांकडे पाहत होतो आणि मला माझे दहा आठवडे आठवत होते.

भाचा पुण्याला गेला. जाताना माझं नाव त्या नकाशात घालून गेला. आतापर्यंत मी सात फाटकं लावली आहेत, सगळी हात लावून. सौ. म्हणते, एवढ्या मायेनं घरचं दार लावत नाही.

गेल्या आठवड्यात बँकेत पुन्हा पाहणीचं काम आलं. एका घरी म्हैस नव्हती. मालक म्हणाला, चरायला गेली आहे, संध्याकाळी येईल. मी सातव्या रकान्यात लिहिलं: 'चरायला गेली असल्याचे मालकाने सांगितले. समक्ष पाहिली नाही.' दोन दिवसांनी फॉर्म वरच्या कचेरीतून परत आला. लाल शाईनं शेरा होता: 'रकाना 7 मध्ये होय किंवा नाही एवढेच लिहावे.'

म्हणून काल परत गेलो. या वेळी म्हैस घरी होती. मालक चरायला गेला होता म्हणा ना. निदान त्याच्या आईनं तसाच हात केला. मी फॉर्म खिशात ठेवला आणि म्हटलं, "आजी, जरा नीट सांगा. कुठं?"